जॅक जॉन्सन : एका जगज्जेतेपदाचा झगडा

व्यावसायिक मुष्टियुद्धात जगज्जेता कोण, या प्रश्नाला आज सरळ उत्तर मिळत नाही. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आणि वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन अशा चार प्रमुख संघटना आपापले पट्टे बहाल करतात. त्यामुळे एकाच वजनगटात एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात. हा गोंधळ पाहून जुने रसिक हळहळतात आणि एका गटात एकच विजेता असण्याच्या काळाची आठवण काढतात. परंतु त्या काळातले जगज्जेतेपद तरी निर्विवाद होते काय? हा प्रश्न ज्याच्या आयुष्याने सर्वांत तीव्रपणे उभा केला, तो म्हणजे हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हस्टन या बंदराच्या शहरी झाला. त्याचे आईवडील दोघेही पूर्वाश्रमीचे गुलाम. शिक्षण जेमतेम झाले आणि कोवळ्या वयातच तो गोदीत कामाला लागला. गोदी कामगारांच्या झुंजींतूनच त्याच्या मुठींची पारख झाली. १९०१ साली ज्यो कॉइन्स्की हा अनुभवी मुष्टियोद्धा गॅल्व्हस्टनला आला. त्याने तिसऱ्या फेरीत जॉन्सनला लोळवले. टेक्सासमध्ये तेव्हा अशा लढतींना कायद्याने बंदी असल्याने पोलिसांनी दोघांनाही तुरुंगात टाकले. तीन आठवड्यांहून अधिक काळ हे दोघे प्रतिस्पर्धी एकाच कोठडीत होते. त्या मुक्कामात कॉइन्स्कीने जॉन्सनला बचावाचे धडे दिले. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा हवेतच विरवायचा, त्याला दमवायचे आणि मग नेमका प्रहार करायचा, ही जॉन्सनची पुढे गाजलेली शैली या तुरुंगवासात आकाराला आली.

त्या काळी जगज्जेतेपद बहाल करणारी एकही सर्वमान्य संघटना नव्हती. विद्यमान विजेत्याला जो हरवेल तो नवा विजेता, एवढा एकच नियम होता. त्याला मान्यता मिळे ती वृत्तपत्रांकडून, लढतींच्या आयोजकांकडून आणि तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांकडून. मात्र आव्हान स्वीकारायचे की नाही, हे विजेत्याच्या मर्जीवर होते आणि या मर्जीतच सगळी मेख होती. जॉन एल. सलिव्हनने कृष्णवर्णीयांशी लढण्यास जाहीर नकार दिला होता. पीटर जॅक्सन या असामान्य कृष्णवर्णीय योद्ध्याने १८९१ मध्ये जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्यांची अनिर्णित झुंज दिली. पुढच्याच वर्षी सलिव्हनशी लढण्याची संधी मिळाली ती कॉर्बेटला, आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सनच्या वाट्याला ती संधी कधीच आली नाही.

१८९९ साली विजेता झालेल्या जेम्स जेफ्रीजनेही हीच रीत चालवली. विजेता होण्यापूर्वी तो कृष्णवर्णीयांशी लढला होता आणि उतरत्या वयातल्या पीटर जॅक्सनला त्याने हरवलेही होते. पण जगज्जेतेपद हाती येताच दार बंद झाले. म्हणजे कृष्णवर्णीयाने रिंगमध्ये उतरण्याला हरकत नव्हती, हरकत होती ती सर्वोच्च पदाला हात लावण्याला. त्यांच्यासाठी कृष्णवर्णीयांचे जगज्जेतेपद असा एक वेगळा किताब होता. फेब्रुवारी १९०३ मध्ये डेन्व्हर एड मार्टिनला हरवून जॉन्सनने तो मिळवला. एकाच गटात दोन जगज्जेते असण्याचा प्रकार असा शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. त्या वेळी वाटणी संघटनांनुसार नव्हे, कातडीच्या रंगानुसार होती इतकेच.

मे १९०५ मध्ये जेफ्रीज अपराजित राहून निवृत्त झाला आणि रिकाम्या सिंहासनाचा प्रश्न उभा राहिला. त्यावर निघालेला तोडगा मोठा विलक्षण होता. जुलैमध्ये रेनो येथे मार्विन हार्ट आणि जॅक रूट यांची लढत ठरली, खुद्द जेफ्रीज पंच म्हणून उभा राहिला आणि जिंकणाऱ्या हार्टला त्याचा वारस मानण्यात आले. याच हार्टने त्याआधी मार्चमध्ये जॉन्सनविरुद्ध २० फेऱ्यांची लढत पंचाच्या निर्णयावर जिंकली होती. पंचाने आक्रमकतेला झुकते माप दिल्याने तो निकाल वादग्रस्त ठरला होता. तो पराभव नसता, तर जॉन्सनला डावलणे अधिक अवघड गेले असते. फेब्रुवारी १९०६ मध्ये टॉमी बर्न्स या अवघ्या ५ फूट ७ इंच उंचीच्या कॅनेडियन योद्ध्याने हार्टला हरवले. निवृत्त माणसाने पंचाच्या भूमिकेतून हस्तांतरित केलेले हे पद अनेकांना पोकळ वाटत होते. बर्न्सने मात्र इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया असा प्रवास करून तिथल्या प्रतिस्पर्ध्यांना हरवले आणि आपले जगज्जेतेपद खऱ्या अर्थाने जगभर नेले.

त्याच्या पाठोपाठ जॉन्सनही जगभर फिरत होता. जुलै १९०७ मध्ये त्याने माजी जगज्जेता बॉब फिट्झसिमन्सला दुसऱ्या फेरीतच गारद केले होते. मग तो बर्न्सचा पाठलाग करीत इंग्लंडला आणि तिथून ऑस्ट्रेलियाला पोहोचला. अखेर ह्यू मॅकिंटॉश या आयोजकाने ६ हजार पौंडांचे आमिष दाखवले, तेव्हा बर्न्स तयार झाला. आव्हानवीर जॉन्सनला मिळणारी रक्कम त्याच्या कितीतरी खाली होती. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीच्या रशकटर्स बे येथील खुल्या मैदानात सुमारे २० हजार प्रेक्षकांसमोर ही लढत झाली. मॅकिंटॉश स्वतःच पंच होता. जॉन्सनने पहिल्या फेरीपासून बर्न्सला खेळवले, डिवचले, थकवले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी हस्तक्षेप करून लढत थांबवली आणि चित्रीकरणही बंद करण्यात आले. गोरा विजेता कोसळल्याचे दृश्य पडद्यावर येऊ नये, ही त्यामागची खटपट लपून राहिली नाही. पण निकाल बदलणे कोणाच्याही हाती नव्हते. मॅकिंटॉशने जॉन्सनला विजयी घोषित केले.

आणि त्याच दिवसापासून त्या पदाच्या वैधतेची चर्चा नव्याने सुरू झाली. बर्न्सला जगज्जेता मानताना ज्यांनी फारशी खळखळ केली नव्हती, त्यांना आता त्याच्या पदातली भगदाडे दिसू लागली. बर्न्सला ते हार्टकडून मिळाले, हार्टला जेफ्रीजने सोडल्यामुळे मिळाले आणि जेफ्रीज तर कधी हरलाच नाही. तेव्हा खरा जगज्जेता अजूनही जेफ्रीजच, असा युक्तिवाद मांडला जाऊ लागला. सिडनीची लढत पाहायला हजर असलेल्या जॅक लंडन या ख्यातनाम कादंबरीकाराने जेफ्रीजने परत यावे असे आवाहन आपल्या वार्तांकनातून केले. जॉन्सनला हरवू शकेल अशा गोऱ्या योद्ध्याचा शोध सुरू झाला. ऑक्टोबर १९०९ मध्ये मिडलवेट विजेत्या स्टॅन्ली केचेलने जॉन्सनला खाली पाडलेही, पण त्याच बाराव्या फेरीत तो स्वतः बेशुद्ध होऊन पडला.

शेवटी जेफ्रीज परतला. निवृत्तीनंतर शेतीवर रमलेल्या या माणसाचे वजन भलतेच वाढले होते. त्याने घाम गाळून ते उतरवले. ४ जुलै १९१० हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन लढतीसाठी मुक्रर झाला. सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेली लढत कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी रोखल्यामुळे ती नेवाडातील रेनोला हलवावी लागली. आयोजक टेक्स रिकार्डने १ लाख १ हजार डॉलरची विक्रमी रक्कम लावली होती आणि पंचही तोच होता. भर उन्हात झालेल्या त्या लढतीत कारकिर्दीत कधीही न पडलेला जेफ्रीज पंधराव्या फेरीत पुन्हा पुन्हा खाली कोसळला आणि त्याच्याच साथीदारांनी हार पत्करली. आपण भरात असतानाही या माणसाला हरवू शकलो नसतो, अशी कबुली जेफ्रीजने नंतर दिली. पदाच्या वैधतेबद्दलचा शेवटचा आक्षेप जॉन्सनने असा रिंगमध्ये निकालात काढला.

त्याची किंमत मात्र इतरांनी मोजली. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या. आनंद साजरा करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या जमावांनी हल्ले केले. सुमारे वीस जण मृत्युमुखी पडले, शेकडो जखमी झाले. लढतीचा चित्रपट दाखवण्यावर ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ मध्ये तर अशा चित्रफितींच्या आंतरराज्यीय वाहतुकीवर बंदी घालणारा कायदाच अमेरिकी काँग्रेसने केला.

रिंगमध्ये जॉन्सन हरत नाही असे दिसल्यावर दोन वेगळ्या वाटा शोधण्यात आल्या. पहिली वाट म्हणजे समांतर किताब. १ जानेवारी १९१३ रोजी ल्युथर मॅकार्टीने गोऱ्यांचे हेवीवेट जगज्जेतेपद जिंकले. जॉन्सन हयात आणि अपराजित विजेता असताना त्याला वगळून उभारलेले हे सिंहासन अल्पायुषी ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात कॅल्गरीत आर्थर पेल्कीविरुद्ध पहिल्याच फेरीत मॅकार्टी रिंगमध्ये कोसळून मरण पावला. त्या लढतीचा आयोजक होता जॉन्सनकडून हरलेला टॉमी बर्न्स! पेल्कीकडून हा किताब गनबोट स्मिथकडे आणि त्याच्याकडून १९१४ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज कार्पाँतिएकडे गेला.

दुसरी वाट न्यायालयातून गेली. जॉन्सन उंची कपडे घाले, वेगवान मोटारी उडवी आणि गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे संबंध ठेवी. त्याने विवाहही गोऱ्या स्त्रियांशी केले. अनैतिक हेतूने स्त्रियांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणाऱ्या १९१० च्या मान कायद्याखाली त्याच्यावर खटला भरण्यात आला. जून १९१३ मध्ये सर्व सदस्य गोरे असलेल्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. जॉन्सन कॅनडामार्गे युरोपात निसटला. जगज्जेता आता फरारी झाला होता.

इथवर ही अन्यायाशी झुंजणाऱ्या वीराची कथा आहे. पण तिला एक दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्याशिवाय जॉन्सनचे चरित्र पुरे होत नाही. त्याने सोडलेल्या कृष्णवर्णीयांच्या किताबासाठी ज्यो जेनेट, सॅम मॅक्वे आणि सॅम लँगफर्ड ही मंडळी एकमेकांशी पुन्हा पुन्हा लढत होती. १९०९ मध्ये पॅरिसला जेनेट आणि मॅक्वे यांची लढत ४९ फेऱ्या चालली. लँगफर्डला जॉन्सनने १९०६ मध्ये हरवले होते खरे, पण तेव्हा लँगफर्ड वजनाने कितीतरी हलका होता आणि तरीही १५ फेऱ्या टिकला होता. पुढे तो अधिक बलवान झाला आणि आव्हानामागून आव्हाने देत राहिला. जगज्जेता जॉन्सनने ती स्वीकारली नाहीत. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला पैसा मिळत नाही, हे त्याचे कारण खोटे नव्हते. पण पुरेसे होते काय? डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला त्याने एका कृष्णवर्णीयाला संधी दिली, ती या तिघांपैकी कोणाला नव्हे, तर बॅटलिंग जिम जॉन्सनला. जे दार ठोठावण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली, तेच त्याने आत गेल्यावर आपल्या बांधवांसाठी लावून घेतले.

५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे, क्युबाच्या कडक उन्हात, ३७ वर्षांचा जॉन्सन ६ फूट ६ इंच उंचीच्या जेस विलार्डसमोर उभा राहिला. लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती. सव्विसाव्या फेरीत जॉन्सन बाद झाला. आपण मुद्दाम हरलो असे तो पुढे सांगत राहिला, पण बहुतेक अभ्यासकांना ते पटलेले नाही. मुद्दाम हरायचे असते, तर पंचवीस फेऱ्या भट्टीत कशाला भाजून घ्यायचे, हा साधा प्रश्न उरतोच.

विलार्डबरोबर ते दार पुन्हा बंद झाले. जॅक डेम्प्सीच्या कारकिर्दीत हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय आव्हानवीर वर्षानुवर्षे ताटकळत राहिला. रेनोची लढत घडवणारा टेक्स रिकार्डच आता अशी लढत भरवायला धजत नव्हता. जून १९३७ मध्ये ज्यो लुई जगज्जेता झाला, तोवर २२ वर्षे उलटली होती. जॉन्सनसारखे वागू नकोस, ही शिकवण लुईला त्याच्या व्यवस्थापकांनी आधीच दिली होती. दरम्यान जॉन्सन १९२० मध्ये मायदेशी परतला आणि शिक्षा भोगून जुलै १९२१ मध्ये सुटला. पुढच्या वर्षी त्याला सुधारित पान्याचे पेटंट मिळाले. पुढे त्याने प्रदर्शनी लढती केल्या, हार्लेममध्ये क्लब चालवला, पण गेलेले दिवस परतले नाहीत. लँगफर्डची अवस्था तर त्याहून बिकट झाली. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो हार्लेममध्ये अंध आणि कंगाल अवस्थेत सापडला.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील एका खाणावळीत जॉन्सनला वर्णभेदाची वागणूक मिळाली. तो संतापून मोटारीने निघाला आणि फ्रँकलिन्टनजवळ झालेल्या अपघातात वयाच्या ६८ व्या वर्षी मरण पावला. त्यानंतर नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये ज्यो लुईने आपले जगज्जेतेपद पुन्हा राखले. १९१३ च्या शिक्षेबद्दल मरणोत्तर माफी मिळायला मात्र मे २०१८ उजाडावे लागले.

आजच्या संघटना विजेत्याला ठरावीक काळात अव्वल आव्हानवीराशी लढण्याचे बंधन घालतात. ते अनेकदा टाळले जाते, कधी पट्टा सोडून तर कधी पैसे मोजून. तरीही जॅक्सन, लँगफर्ड आणि विल्स यांना हे बंधनसुद्धा लाभले नव्हते. त्यांच्या काळात पट्टा एकच होता, पण तेवढ्याने तो खरा ठरत नव्हता. जगज्जेत्याने कोणाला हरवले, याची नोंद इतिहासात आपसूक होते. त्याने कोणाशी लढणे टाळले, हे मात्र शोधावे लागते, आणि जॉन्सनचे पद तोलताना त्याच्या बाजूने तसेच त्याच्या विरोधातही तीच यादी वाचावी लागते.