विल्यम विल्बरफोर्स : धर्मश्रद्धा आणि लोककार्य

एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रबोधनाचा अभ्यास करताना मिशनरी, त्यांच्या शाळा आणि त्यांचे छापखाने यांचा उल्लेख तुम्हाला वारंवार आढळेल. कंपनी सरकारच्या मुलखात या मंडळींचा मार्ग मोकळा करण्यात विल्यम विल्बरफोर्स या इंग्रज संसदपटूचा मोठा वाटा होता. म्हणून त्यांच्या चरित्राचा परिचय येथे करून घेऊ.

विल्बरफोर्स यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी एका धनिक व्यापारी घराण्यात झाला. १७८० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते पार्लमेंटवर निवडून आले. पुढे पंतप्रधान झालेले विल्यम पिट हे त्यांचे निकटचे मित्र होते. १७८५च्या सुमारास त्यांच्या मनात धार्मिक परिवर्तन घडले व ते इव्हँजेलिकल पंथाकडे वळले. राजकारण सोडावे काय, असा प्रश्न त्यांना पडला. पूर्वी गुलामवाहू जहाजाचे कप्तान असलेले धर्मोपदेशक जॉन न्यूटन यांनी त्यांना लोककार्यातच राहण्याचा सल्ला दिला.

१७८७ मध्ये त्यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्याचे कार्य हाती घेतले. हे कार्य एकट्याचे नव्हते, हे ध्यानात ठेवा. थॉमस क्लार्कसन यांनी बंदरोबंदर फिरून खलाशांच्या साक्षी गोळा केल्या. ओलाउदाह इक्वियानो यांनी स्वतः भोगलेली गुलामी १७८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. असंख्य सामान्य कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर वर्ज्य केली. तरीही १७९१ मध्ये विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला गेला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर सुधारणेचा शब्दही संशयास्पद ठरू लागला. त्यांनी चिकाटी सोडली नाही. अखेर १८०७ मध्ये २८३ विरुद्ध १६ अशा बहुमताने कॉमन्स सभागृहाने गुलामांच्या व्यापारावरील बंदीला मान्यता दिली. बंदी व्यापारावर होती. गुलामगिरी मात्र कायम राहिली.

आता भारताकडे वळू. १७९३ मध्ये कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना वाव देण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. १८१३च्या सनदी कायद्यात तो सफल झाला. याच कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांच्या मराठी मिशनने पुढे शाळा काढल्या आणि १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले.

या चरित्राची दुसरी बाजूही तुम्ही तपासली पाहिजे. विल्बरफोर्स भारतात कधीच आले नाहीत. सती व जातिभेद यांवरील त्यांच्या टीकेत करुणा होती. परंतु येथील धर्म हीन आणि आपला श्रेष्ठ, हे त्यांनी गृहीतच धरले होते. कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यालाही त्यांचा पाठिंबा होता. दूरच्या गुलामाचे दुःख जाणणाऱ्या या पुरुषाला आपल्याच देशातील मजुराचा हक्क मान्य झाला नाही.

२९ जुलै १८३३ रोजी त्यांचे निधन झाले. गुलामगिरी नष्ट करणारे विधेयक संमत होणार, हे त्याआधी तीनच दिवस निश्चित झाले होते. या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना नव्हे. शिवाय कंपनीचा मुलूख त्यातून वगळण्यात आला. भारतात तसा कायदा होण्यास १८४३ साल उजाडले.

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. दास्यमुक्तीचा विचार तोवर येथवर पोहोचला होता. परंतु फुल्यांनी तो शूद्रातिशूद्रांच्या बाजूने, त्यांच्यातलेच एक होऊन मांडला. परदुःखाने कळवळणारा सुधारक आणि स्वतःच्या समाजाचे दुःख मांडणारा सुधारक यांतील हे अंतर पुढील घटक वाचताना लक्षात असू द्या.

विचार करा : सुधारकाचे मूल्यमापन त्याच्या हेतूवरून करावे की कार्याच्या परिणामांवरून? विल्बरफोर्स यांच्या चरित्राच्या आधारे तुमचे मत दहा ओळींत लिहा.