गावाचे घर करणारा माणूस : सर पॅट्रिक गेडिस

दिवाळी जवळ आली की घर साफ करायला आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. माळ्यावरची अडगळ खाली येते, भिंतीवरून चुन्याचा हात फिरतो, उंदरांची बिळे बुजतात. हेच काम एका परदेशी प्राध्यापकाने एका दिवाळीत आख्ख्या शहराकडून करून घेतले होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. नगररचनाशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. त्यांचे चरित्र आपल्या मंडळाच्या भगिनींनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलॅटर या गावी २ ऑक्टोबर १८५४ रोजी झाला. वडील सैन्यातले, शिस्तीचे आणि बागेची हौस असणारे. पर्थ शहराजवळच्या टेकडीवर त्यांचे घर होते. त्या बागेत आणि आसपासच्या रानात हिंडताना मुलाला झाडापेरांचे वेड लागले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी हक्स्ले या नामवंत शास्त्रज्ञापाशी जीवशास्त्राचे धडे घेतले. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जीवसृष्टी न्याहाळावी, हेच त्यांचे आयुष्य ठरणार असे दिसत होते.

परंतु दैवाच्या मनात निराळेच होते. १८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोत गेले असता त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून पडून राहावे लागले. पुढे दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसणे आता शक्य नव्हते. दुसरा कुणी खचला असता. गेडिस यांनी मात्र नजर बारीक जिवांवरून काढून माणसांच्या वस्तीकडे वळवली. प्राणी आणि त्याचा परिसर यांचे जे नाते, तेच माणूस आणि त्याचे गाव यांचे आहे, असे त्यांच्या मनाने घेतले.

१८८६ साली लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या अॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अॅनाबाई सुखवस्तू घरात वाढलेल्या. तरीही दुसऱ्याच वर्षी हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट नावाच्या एका पडक्या, कोंदट वाड्यात राहावयास गेले. उंच इमारती, अंधारे जिने, एकेका खोलीत एकेक कुटुंब! आपल्याकडील दाटीच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगणे नको.

तेथे त्यांनी उपदेश केला नाही. आधी आपली जागा घासूनपुसून, रंगवून स्वच्छ केली. खिडकीत फुलझाडे लावली. मग शेजाऱ्यांना हाताशी धरून तो चौकच धुऊन काढला. हळूहळू इतर वाड्यांची डागडुजी झाली, पडीक जागांवर बागा उभ्या राहिल्या. त्यांची कन्या नोरा हिनेही पुढे त्या बागांचे काम अंगावर घेतले. घर न पाडता घर सुधारता येते, हा गेडिस यांचा सिद्धांत पुस्तकातून निघालेला नव्हता. तो अॅनाबाईंच्या संसारातून निघाला होता.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना हिंदुस्थानात बोलाविले. जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रे यांचे त्यांचे मोठे प्रदर्शन मागाहून बोटीने येत होते. महायुद्ध सुरू झाले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडविली. कित्येक वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली! मित्रांच्या साहाय्याने त्यांनी नवे साहित्य गोळा केले आणि १९१५ च्या प्रारंभी मद्रासला प्रदर्शन भरवून दाखविले.

त्या काळी प्लेगने लोक हैराण झाले होते. १८९६ साली मुंबईत साथ आली आणि १८९८ मध्ये तेथे इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून रुंद सरळ रस्ते काढावयाचे, हा तेव्हाचा सर्वमान्य उपाय. पण घर पाडलेला गरीब जाणार कोठे? तो शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राही. गेडिस यांनी या पद्धतीला उघड विरोध केला. ते स्वतः भर उन्हात गल्लीबोळ पायी तुडवीत. कोणते घर खरोखर मोडकळीस आले आहे, कोठे विहीर आहे, कोठे झाड, कोठे देऊळ, हे पाहून मगच नकाशावर रेघ ओढीत. चार पडकी घरे काढली तर चौक मोकळा होतो, वारा खेळतो, मुलांना खेळायला जागा होते, आणि बाकीच्यांचा संसार जागच्या जागी राहतो. डासांच्या भीतीने तळी बुजवू नयेत, ती स्वच्छ ठेवून त्यांत मासे सोडावेत; तळ्यांमुळे गावात गारवा राहतो, असेही ते सांगत. अंगणातील तुळशीवृंदावनाचे त्यांना फार कौतुक. जेथे तुळस निगुतीने राखलेली असते, तेथे घर राखणारी गृहिणी असते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

१९१७ साल त्यांना अत्यंत क्रूर गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अॅलस्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. तेव्हा अॅनाबाई इकडे तापाने आजारी होत्या. ही वार्ता त्यांना सोसणार नाही, म्हणून पतीने ती पोटात ठेवली आणि मुलाची जुनी पत्रे त्यांना वाचून दाखविली. जूनमध्ये कलकत्त्यास त्याही गेल्या.

आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत हा दुःखी माणूस इंदूर शहरात उत्सव मांडून उभा राहिला! होळकर दरबाराने त्यांना नगररचनेसाठी बोलाविले होते आणि शहरात प्लेग होता. महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेऊन त्यांनी जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे अधिक स्वच्छ आणि दुरुस्त, त्या रस्त्याने जाईल. मग काय विचारता! घरोघरी झाडलोट सुरू झाली. हजारो गाड्या केर शहराबाहेर गेला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. त्यांच्यामागून शुभ्र वस्त्रे ल्यालेले, फुलांच्या माळा घातलेले सफाई कामगार नवे झाडू घेऊन चालत होते. ज्यांना समाजाने दूर ठेवले, त्यांना त्या दिवशी सन्मानाचे स्थान मिळाले. इंदूर नगरीची देवीही रथात होती. तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. प्लेगची साथही पुढे ओसरली. ऋतुमान पालटले हे खरे. पण उंदरांची बिळे लोकांनी आपल्या हातांनी बुजविली होती, हेही तितकेच खरे.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक झाले. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्याच शिफारशीने विलायतेस गेले. १९२४ नंतर गेडिस फ्रान्समधील मॉंपेल्ये येथे राहिले आणि तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी निवर्तले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला होता. आपल्या देशातील शहरांवर त्यांनी लिहिलेले कितीतरी अहवाल कचेऱ्यांच्या कपाटांत पडून राहिले. त्यांचे ऐकले असते, तर कित्येक तळी आणि कित्येक चौक आज वाचले असते.

मोठे रस्ते आणि पूल बांधणे आपल्या हाती नाही. पण जिना आपला आहे, चौक आपला आहे, गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले झाड आपले आहे. घर जी राखते ती गावही राखू शकते, हे गेडिस यांना अॅनाबाईंनी शिकविले. येत्या दिवाळीत आपला झाडू उंबरठ्याशी न थांबता गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि तेथे रोज झाडू मारणाऱ्या आपल्या बहिणीला पहिला फराळ मिळाला, तर या थोर पुरुषाचे स्मरण आपण योग्य रीतीने केले असे होईल.