वंगणाचा पापुद्रा उलगडणारा प्राध्यापक

गुडघेदुखी घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारे बरेच रुग्ण निदान स्वतःच करून येतात. गुडघ्यातलं वंगण संपलंय, असं ते सांगतात आणि ते भरायचं इंजेक्शन मिळेल का, असं विचारतात. दसऱ्यानंतर असेच एक शेतकरी काका मुलाच्या नव्या कोऱ्या मोटारसायकलवर बसून आले होते. त्यांना तपासून झाल्यावर मुलाने संकोचत आपलाही प्रश्न पुढे केला. गाडीत पुढचं ऑइल कोणतं टाकावं? गॅरेजवाला जाड ऑइल सुचवत होता, मित्र महागडं सिंथेटिक सांगत होता आणि चुलत्याच्या घरी कारसाठी आणलेला डबा अर्धा शिल्लक होता.

हा प्रश्न खरं तर डॉक्टरला विचारायचा नाही. पण निवासी डॉक्टर असताना माझ्याकडेही एक जुनी मोटारसायकल होती. पैसे वाचवायचे म्हणून मी तिच्यात कारचं ऑइल ओतून घेतलं होतं. काही दिवसांतच घाट चढताना इंजिन जोरात ओरडू लागलं आणि गाडी मात्र पुढे जाईना. क्लच घसरत होता. तो का घसरला हे शोधता शोधता मी वंगणाच्या शास्त्रापर्यंत पोहोचलो आणि तिथे एक ओळखीचं नाव भेटलं: ओस्बोर्न रेनॉल्ड्स. वैद्यकीच्या पहिल्या वर्षी रक्तप्रवाह शिकताना हे नाव येतंच. काकांचा गुडघा आणि मुलाचं इंजिन, दोन्ही प्रश्नांची उत्तरं या एका माणसाच्या कामात सापडतात.

रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी बेलफास्टमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक आणि शाळेचे मुख्याध्यापक होते. केंब्रिजला गणित शिकलेल्या या गृहस्थांना यंत्रांचा नाद होता. शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्यांनी पेटंटंही घेतली होती. मुलाने हा नाद उचलला. महाविद्यालयात जाण्याआधी, १८६१ मध्ये, तो एका अभियंत्याच्या कारखान्यात उमेदवारीला राहिला. यंत्रं हाताळताना आपलं गणित कमी पडतंय हे लक्षात आलं, तेव्हा तो केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाला. १८६७ मध्ये गणिताच्या परीक्षेत तो सातवा आला. पुढच्याच वर्षी, वयाच्या जेमतेम पंचविशीत, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचं नवं प्राध्यापकपद त्याला मिळालं. रेनॉल्ड्स यांनी तिथेच १९०५ पर्यंत शिकवलं.

शिक्षक म्हणून ते सोपे नव्हते. पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन हे त्यांचे विद्यार्थी. कधी सर तासच विसरत, मग शिपायाला पाठवून बोलावून आणावं लागे, अशी आठवण थॉमसन यांनी लिहून ठेवली आहे. धावत आलेले सर टेबलावरचं पाठ्यपुस्तक उघडत, एखादं सूत्र चूक आहे असं जाहीर करत आणि वर्गाकडे पाठ करून फळ्यावर ते सिद्ध करू लागत. थोड्या वेळाने आपलीच मांडणी पुसून टाकत. तास संपता संपता कधी तरी निष्कर्ष निघे की पुस्तकच बरोबर होतं. उत्तर ऐकून घेण्यापेक्षा ते स्वतः तपासून पाहण्याची ही खोड त्यांना आयुष्यभर राहिली.

घरचं आयुष्य सुरुवातीला दुःखाचं होतं. १८६८ मध्ये त्यांचं लग्न लीड्सच्या एका डॉक्टरांच्या कन्येशी झालं. वर्षभरातच, मुलाच्या जन्मानंतर, ती वारली. तो मुलगाही १८७९ मध्ये गेला. १८८१ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं. मधल्या काळात त्यांनी लिहिलेलं एक छोटं पुस्तक आरोग्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. घराच्या सांडपाण्याच्या नळातून येणारा दूषित वायू आत कसा येऊ द्यायचा नाही, हा त्याचा विषय. त्या काळी साथींचं खापर या वायूवर फोडलं जाई. टायफॉइड वायूने नव्हे तर दूषित पाण्याने व अन्नाने पसरतो, हे आज आपल्याला माहीत आहे. पण घराची मोरी नीट बांधलेली असावी हा त्यांचा आग्रह योग्यच होता.

१८८३ मध्ये त्यांनी आपला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मांडला. पाण्याच्या टाकीत काचेची नळी ठेवून त्यांनी वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग एका मर्यादेपलीकडे वाढताच ती फिसकटली आणि भोवरे उठले. ही मर्यादा चार गोष्टींवर ठरते, हे त्यांनी दाखवलं: वेग, नळीची रुंदी, द्रवाची घनता आणि त्याचा दाटपणा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत श्यानता. या चौघांतून येणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स अंक. आम्ही डॉक्टर तो दररोज कानांनी ऐकतो. हृदयाची झडप अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो, भोवरे उठतात आणि स्टेथोस्कोपमध्ये मर्मर ऐकू येते. तीव्र ॲनिमियात रक्त पातळ होतं आणि हृदय ते वेगाने फेकतं. तेव्हा झडपा धड असूनही मर्मर येऊ शकते.

याच सुमारास वंगणाचा एक गोंधळ त्यांच्यासमोर आला. ब्यूशँप टॉवर नावाचे अभियंते इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बेअरिंगच्या घर्षणावर प्रयोग करत होते. फिरत्या आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता आणि वर पितळी बेअरिंग बसवलेलं होतं. टॉवर यांनी तेल सोडण्यासाठी बेअरिंगला माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून बाहेर येऊ लागलं. त्यांनी बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी मारली, तीही तेलाने बाहेर ढकलली. अखेर तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, पण मापकाचा काटा २०० च्या पलीकडे गेला.

रेनॉल्ड्स यांनी याचा अर्थ १८८६ मध्ये गणिताने उलगडला. आस आणि बेअरिंग यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसते. ती एका बाजूला रुंद तर दुसऱ्या बाजूला निमुळती असते. फिरणारा आस आपल्याला चिकटलेलं तेल ओढत त्या निमुळत्या फटीत नेतो. दाट तेल सहज बाहेर सटकू शकत नाही, म्हणून तिथे दाब वाढतो आणि तेलाची पाचर आसावर बेअरिंगला चक्क उचलून धरते. धातू धातूला टेकतच नाही. सगळा भार पेलतो तो केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असा तेलाचा पापुद्रा. पावसाळ्यात वेगातल्या टायरखाली पाण्याची अशीच पाचर शिरते आणि गाडी रस्ता सोडते. रस्त्यावर जे घातक, तेच बेअरिंगमध्ये तारक ठरतं.

त्याच निबंधासाठी त्यांनी ऑलिव्ह तेलाचा दाटपणा वेगवेगळ्या तापमानांना मोजला. तापमान वाढतं तसा तो झपाट्याने घटतो. आता मुलाच्या हातातल्या डब्याकडे वळू. डब्यावर १०डब्ल्यू-३० असं काही लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं त्याचा दर्जा सांगतो, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, किती दाटपणा उरतो त्याचा. तेल गरजेपेक्षा पातळ असेल तर पापुद्रा तुटतो. गरजेपेक्षा जाड असेल तर सकाळी गाडी सुरू करताना ते अरुंद फटींपर्यंत उशिरा पोहोचतं आणि तेल ढवळण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते. त्या इंजिनाच्या फटी किती रुंद आहेत, हे ते बनवणाऱ्याला माहीत असतं. म्हणून जाड चांगलं की पातळ, याचं उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतं.

माझा क्लच का घसरला, तेही इथेच कळतं. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. इंजिनाला घर्षण नको असतं, पण क्लचच्या चकत्यांना ते हवं असतं. कारच्या अनेक तेलांत घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात; ती कारला चालतात, मोटारसायकलच्या ओल्या क्लचला नाही. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए, एमए१ किंवा एमए२ ही खूण पाहावी. एमबी ही खूण कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असते. सिंथेटिक तेल उष्णता जास्त सोसतं हे खरं, पण ग्रेड आणि खूण जुळत नसेल तर महाग डबाही चुकीचाच. नव्या इंजिनात पृष्ठभाग एकमेकांवर बसताना धातूचे बारीक कण सुटतात, म्हणून पहिली सर्व्हिसिंग लवकर असते, साधारण ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान. ती चुकवू नये. आणि पापुद्रा गती असतानाच तयार होत असल्याने, गाडी सुरू करताच ॲक्सिलरेटर पिळू नये.

आता डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. चेनला वंगण देताना काही जण गाडी मेन स्टँडवर घेतात, इंजिन चालू ठेवून गिअर टाकतात आणि फिरत्या चेनला फडकं लावतात. फडकं चेनमध्ये अडकतं आणि त्यामागोमाग बोटं दातेरी चाकावर जातात. अशी चिरडलेली बोटं आम्ही अपघात विभागात पाहतो, आणि त्यातली बरीच परत जोडता येत नाहीत. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवायचं, एवढं केलं तरी पुरे. चेनच्या तेलाचा थेंब ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर पडू देऊ नये.

दुसरी गोष्ट वापरलेल्या काळ्या तेलाची. रेनॉल्ड्स यांच्याच मँचेस्टर परिसरातल्या सूतगिरण्यांमध्ये म्यूल या यंत्राच्या चात्यांना खनिज तेल दिलं जाई. त्याचे शिंतोडे कामगारांच्या विजारींवर वर्षानुवर्षं उडत राहिले आणि त्यांच्यापैकी अनेकांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग झाला. १९२२ मध्ये तिथल्या शल्यचिकित्सकांनी हा संबंध ठळकपणे मांडला. आजची तेलं अधिक शुद्ध केलेली असतात, पण इंजिनात जळून काळ्या झालेल्या तेलात कर्करोगकारक द्रव्यं पुन्हा साठतात. एकदा हात लागला म्हणून घाबरण्याचं कारण नाही. गॅरेजमध्ये रोज तेलात हात घालणाऱ्यांनी मात्र हातमोजे घालावेत, तेलकट फडकं खिशात ठेवू नये आणि हात पेट्रोलने नव्हे तर साबणाने धुवावेत. जुनं तेल गटारात न ओतता सर्व्हिस सेंटरला परत द्यावं.

रेनॉल्ड्स यांना १८७७ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि १८८८ मध्ये तिचं रॉयल मेडल मिळालं. १९०३ मध्ये त्यांनी सारं विश्व सूक्ष्म कणांच्या दाटीतून बनल्याचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, पण तो टिकला नाही. प्रकृती आणि बुद्धी दोन्ही ढासळत गेल्याने १९०५ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या अंकाला रेनॉल्ड्स हे नाव १९०८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी दिलं. २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट या किनाऱ्यावरच्या गावी त्यांचं निधन झालं.

काकांच्या गुडघ्यातलं वंगण संपलेलं नव्हतं. वयाबरोबर झिजते ती हाडांवरची कूर्चा. सांध्यातला द्रव तिथे असतोच. निरोगी असताना तो सुईच्या टोकावरून तारेसारखा लोंबतो आणि सांध्याला सूज आली की पाण्यासारखा पातळ होतो. चालताना हाच द्रव हाडांच्या मध्ये पापुद्रा धरायला मदत करतो. म्हणून मी काकांना इंजेक्शनऐवजी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन थोडं कमी करणं आणि रोजचं चालणं लिहून दिलं. मुलाला डिकीतली पुस्तिका काढायला लावली आणि तेलाच्या पानाची घडी घालून दिली. चुलत्याच्या कारचा डबा कारसाठीच राहू दे, एवढं मात्र दोनदा सांगितलं.