पोराला अभ्यासाला उठवायचं म्हणून रात्री दोनपर्यंत जागणारा बाप : सुभेदार रामजी सकपाळ

दहावीचं वर्ष आलं की सांगोल्यात काय आणि पुण्यात काय, घराघरात एकच टेन्शन असतं. पोरगं अभ्यासाला बसत नाही. सांगोल्याकडं त्यात आणखी एक भर असते. आई-बाप डाळिंबाच्या बागेत नाहीतर मेंढरांमागं, स्वतःचं शिक्षण जेमतेम, आणि पोराच्या हातातलं पुस्तक इंग्रजीतलं. मग आपल्याला यातलं काय कळतंय म्हणून ट्युशन लावली जाते आणि विषय तिथंच संपतो.

आता गोष्ट अशा एका बापाची, ज्याच्या पोराचं नाव सगळ्या जगाला माहितीये, पण बापाचं नाव फार फार तर वहीवर लिहिलेल्या पूर्ण नावात मधल्या जागी येतं. भीमराव रामजी आंबेडकर. यातले रामजी.

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील मालोजी सैन्यात होते. रामजीही सैन्यात गेले. त्या काळात महार समाजातल्या पोराला शाळेचा दरवाजा बंद होता, पण सैन्याचा उघडा होता. कंपनी सरकारच्या पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती. रामजी तिथं शिकले, नुसते शिकले नाहीत तर पुढं शिक्षक झाले आणि लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले. चौदा वर्षं त्यांनी हे काम केलं. हुद्दा सुभेदार-मेजरचा.

हा तपशील महत्त्वाचाय. कारण बाबासाहेबांच्या लहानपणाची गोष्ट सांगताना गरिबीचं चित्र इतकं गडद रंगवलं जातं, की घरात एक हेडमास्तर होता हेच विसरलं जातं. गरिबी खरीच होती. पण ज्या घरात पुस्तक म्हणजे काय हे माहीत होतं, अशा घरातली ती गरिबी होती.

१८९२ च्या सुमाराला सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा त्याविरोधात अर्ज करायला रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली होती. एक रस्ता बंद झाला तर काय होतं हे त्यांना कळत होतं. कारण ते स्वतः त्याच रस्त्यानं आले होते.

१४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. रामजी आणि भीमाबाईंचं हे चौदावं अपत्य. त्यातली जगली पाच. बाळाराम, आनंदराव, भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा, तुळसा या दोन मुली. रामजी निवृत्त झाले, कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं आणि मग साताऱ्याला आलं. पेन्शन महिना ५० रुपये. साताऱ्यात आल्यावर थोड्याच दिवसात भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा. घर सांभाळायला रामजींची बहीण मीराबाई आली. पाठीला कुबड असलेली ही आत्या भिवाला जीव लावायची.

७ नोव्हेंबर १९०० ला भिवा साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी पहिलीत दाखल झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिथल्या नोंदवहीत १९१४ क्रमांकासमोर त्याचं नाव आहे. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस असतो, तो या नोंदीमुळं.

शाळेत काय होतं ते बहुतेकांनी वाचलेलं असतं. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही बाकीच्यांपासून लांब. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं वरून पाणी ओतलं तर प्यायचं आणि शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं.

पोरगं रोज असल्या शाळेत जाऊन घरी येतं, तेव्हा बापानं काय करायचं? शाळा तर रामजींना बदलता येणार नव्हती.

मग त्यांनी घरी शाळा केली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी स्वतः बसून मुलांकडून करून घेतल्या. भाषांतरात नेमका शब्द आलाच पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष असायचा. बाबासाहेबांच्या इंग्रजीचं कौतुक पुढं जगभर झालं. त्याची सुरुवात साताऱ्यातल्या या घरात झालेली आहे.

दुसरी गोष्ट पाठाची. रामजी कबीरपंथी. संध्याकाळी घरात भजन, अभंग ठरलेले. मुलींचे गळे गोड होते. सोबत रामायण, महाभारताचं वाचन, आणि ते मुलांनी मोठ्यानं करायचं.

भिवाला हे पटत नव्हतं. ज्या ग्रंथात आपल्यासारख्यांना कमी लेखलंय ते आपण का वाचायचे, असं तो बापाला थेट विचारायचा. रामजींचं उत्तर असं होतं, की आपल्या लोकांच्या मनात आपण कमी आहोत हा गंड बसलाय आणि तो काढायचाय. द्रोण बघ, कर्ण बघ, वाल्मीकी बघ, कुठून कुठं पोहोचले. बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण लिहून ठेवलीये, आणि त्या उत्तरानं आपलं समाधान झालं नव्हतं हेही लिहिलंय. त्यांना द्रोण पटले नाहीत, भीष्म पटले नाहीत, कृष्ण आणि रामही पटले नाहीत.

म्हणजे बापानं आत्मविश्वासासाठी जे औषध दिलं ते पोरानं नाकारलं. पण त्या घरात पोरगं बापासमोर बसून उलट प्रश्न विचारू शकत होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सुभेदार-मेजर राहिलेला, कडक शिस्तीचा माणूस. त्यानं पोराच्या शंकेवर पट्टी उगारली नाही. उत्तर दिलं आणि कमी पडलं तेव्हा गप्प बसला. १९०० साली हे घडत होतं. आजही किती घरात घडतं, हा ज्याचा त्यानं हिशोब लावावा.

मग रामजींना नोकरीसाठी घर सोडावं लागलं. खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी काम निघालं होतं. तलावाचं खोदकाम सुरू होतं आणि तिथं त्यांना कॅशियरची नोकरी मिळाली. खटाव, माण, आटपाडी, सांगोला, जत हा सगळा एकच कोरडा पट्टा. पाऊस गेला की सरकारी खोदकामावर जायचं आणि मजुरीवर दिवस काढायचे, हे सांगोल्याकडच्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. बाप कामाच्या ठिकाणी आणि पोरं गावात, हेही नवं नाही.

१९०१ च्या उन्हाळ्यात पोरांनी बापाकडं सुट्टीला जायचं ठरवलं. भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची आई नसलेली पोरं. नवे कपडे, जरीच्या टोप्या, पहिल्यांदा आगगाडीचा प्रवास. येतोय म्हणून पत्र टाकलं होतं, पण रामजींच्या नोकरानं ते त्यांच्यापर्यंत पोहोचवलंच नाही. मसूर स्टेशनवर पोरं उतरली तर घ्यायला कुणीच नाही. स्टेशनमास्तरनं चौकशी केली, जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही पोरांनी गाडी हाकायची आणि त्यानं शेजारून चालायचं या अटीवर. सोबत जेवण होतं, पण पाणी कुणी दिलं नाही. अख्खी रात्र तहानेत काढून दुसऱ्या दिवशी पोरं गोरेगावला पोहोचली. रामजींना धक्काच बसला, कारण पोरं निघालीयेत हेच त्यांना माहीत नव्हतं.

कितीही काळजी घेणारा बाप असला तरी प्रत्येक ठिकाणी तो पुढं उभा राहू शकत नाही, त्याचं हे उदाहरण. बाबासाहेब हा प्रवास आयुष्यभर विसरले नाहीत.

आणि रामजींकडूनही सगळंच बरोबर झालं असं नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं. नवी बाई आपल्या आईचे दागिने घालून घरात फिरते हे भिवाला सहन होईना. पोरगं बापावर रुसलं. आता बापाच्या जिवावर राहायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्यानं ठरवलं. भाड्याला पैसे नव्हते म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी चोरायचा बेत केला. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाताला लागली आणि उघडून बघितली तर आत फक्त अर्धा आणा. त्या दिवशी त्यानं पळून जायचा नाद सोडला आणि खूप अभ्यास करायचा, लवकर पायावर उभं राहायचं, असं ठरवलं. अभ्यासाचं वेड भिवाला लागलं ते बापाच्या शिकवणीतून जितकं, तितकंच बापावरच्या रागातून, हे मान्य करायला हरकत नाही.

गोरेगावचं काम संपलं आणि १९०४ च्या सुमाराला कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आलं. खोली एकच. स्वयंपाक तिथंच, झोपणं तिथंच, जळण तिथंच आणि बांधलेली शेळीही तिथंच. भीमराव आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. पोरानं संस्कृत शिकावं असं घरात वाटत होतं, पण जातीमुळं ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली.

एका खोलीत अख्खं घर जागं असताना अभ्यास होणार कसा? रामजींनी त्यावर उपाय काढला. पोरानं संध्याकाळी लवकर झोपायचं. रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोन वाजता पोराला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. सगळी चाळ झोपलेली आणि काच नसलेल्या चिमणीच्या उजेडात भीमरावांचं वाचन चालू. साठीकडं झुकलेला नाहीतर साठी ओलांडलेला माणूस रोज हे करत होता. ट्युशनची फी भरण्यापेक्षा हे अवघडच.

पुस्तकांचंही तसंच. भीमरावांना शाळेच्या पुस्तकांपलीकडची पुस्तकं लागायची. पोरानं पुस्तक मागितलं की रामजी बाहेर पडायचे. आधी धाकट्या लेकीच्या घरी जाऊन उसने पैसे मागायचे. तिच्याकडं नसले की थोरलीकडं जायचे आणि तिचा एखादा दागिना मागून आणायचे. तो मारवाड्याकडं गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचं आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून परत दिला जायचा. पुढच्या पुस्तकाला पुन्हा तेच.

इथं थोडं थांबायला हवं. कारण या पुस्तकांची किंमत एकटे रामजी मोजत नव्हते. सासरी असलेल्या लेकी आपला दागिना काढून देत होत्या. आणि दोन मुलांचा शिक्षणाचा खर्च पेन्शनमध्ये बसेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडून जीआयपी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. एका भावाचं शिक्षण थांबलं म्हणून दुसऱ्याचं चालू राहिलं. बाबासाहेबांच्या चरित्रात आनंदरावांना याच्या दोन ओळीही नीट मिळत नाहीत.

भीमराव एक परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांनी सत्काराची सभा घ्यायचं ठरवलं. रामजी म्हणाले, नको. परीक्षाच तर पास झालाय, पोराच्या डोक्यात हवा जाईल. शेवटी मित्र कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांची समजूत काढली आणि सभा झाली. केळुसकरांनी त्या वेळी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं. त्या पुस्तकाचा शेवट कुठं झाला ते १९५६ साली नागपुरात सगळ्यांनी बघितलं. बापाचं ऐकून सभाच रद्द झाली असती तर? म्हणून अशा वेळी घरात बापाशिवाय आणखी कुणीतरी मोठं माणूस लागतं.

१९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ मार्क. आजच्या हिशोबानं ३८ टक्के. व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवण्यासारखे नाहीत. रामजींनी मात्र पोराला कॉलेजात घातलं. पुढं पैसे संपले तेव्हा केळुसकरांनी धावपळ केली आणि सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपयांची स्कॉलरशिप मिळाली. भीमराव बीए झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर गेले. रामजींचा याला विरोध होता. तिथं जातीचा त्रास होईल असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं निघालं. थोड्याच दिवसात वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींच्या डोळ्यात प्राण उरला होता. पोराला बघितलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते गेले. तारीख २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते बघायला रामजी नव्हते.

१९२३ ला लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ छापून आला. तो त्यांनी आई-वडिलांना अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला आणि जी दृष्टी दाखवली त्याबद्दल.

पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. जानेवारी १९२५ मध्ये या सभेनं आपलं वसतिगृह सुरू केलं ते सोलापुरात. सांगोल्यापासून हे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. हायस्कूलला शिकणाऱ्या पोरांची राहण्या-जेवणाची सोय, कपडे, वह्या-पुस्तकं असं सगळं तिथं मिळायचं. सोलापूर नगरपालिका महिना ४० रुपये द्यायची. पुस्तकासाठी लेकीचा दागिना मागायला जायची वेळ त्या पोरांच्या बापांवर येणार नव्हती.