दलदलीत फिरणारा सर्व्हेअर

थोरो म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. गांधीजींना त्याचा कायदेभंगावरचा लेख आवडला होता, आणि तो तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला होता. पण हेन्री डेव्हिड थोरो आपल्याच लाईनमधला होता, हे कोणी सांगतच नाही!

जन्म १२ जुलै १८१७, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, कॉन्कर्ड या छोट्या गावात. १८३७ मध्ये हार्वर्डची पदवी घेतली. शाळेत नोकरी लागली, पण मुलांना छड्या माराव्या लागतात म्हणून ती काही दिवसांतच सोडली. घरी पेन्सिलींचा धंदा होता. अमेरिकन पेन्सिली तेव्हा अगदीच टुकार असत. थोरोने ग्राफाईट बारीक दळायची सोय केली, त्यात चिकणमाती मिसळली. मातीचं प्रमाण बदललं की पेन्सिल कमी-जास्त कडक होते, हे तंत्र त्याने बसवलं. ड्रॉईंगच्या तासाला एचबी आणि टू-एचवरून भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८४५ ते १८४७ तो वॉल्डन तळ्याकाठी राहिला. या तळ्याला तळच नाही अशी गावात समजूत होती. १८४६ साली तळं गोठलं तेव्हा पठ्ठ्याने कंपास, चेन आणि दोरीला बांधलेलं वजन घेतलं, बर्फाला भोकं पाडली आणि खोली मोजली. सगळ्यात खोल जागी १०२ फूट भरलं! पुढे सर्व्हे हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा झाला.

पण दिवसाचे निदान चार तास त्याचे स्वतःचे. तेव्हा तो फक्त चालायचा. हातात इंचांच्या खुणा केलेली काठी, आणि टोपीच्या आत रोपं ठेवायला केलेला कप्पा. बागांपेक्षा त्याला दलदल आवडायची. आपल्याकडे पाणथळ जागा म्हणजे डास, वास आणि भराव टाकायला मोकळा प्लॉट. तिथेही लोक नाकच मुरडायचे. हा मात्र उन्हाळ्यात अंगात शर्ट आणि डोक्यावर टोपी एवढंच ठेवून नदीच्या पात्रातूनच चालत जायचा (गावकरी काय म्हणत असतील, विचार करा). १८५६ च्या ऑगस्टमध्ये क्रॅनबेरीची एक बारीक जात शोधायला तो बेक स्टोच्या दलदलीत बूट-मोजे काढून गार पाण्यात शिरला. बाजारात त्या फळाला काही किंमत नव्हती. पण खरं रान बघायला लांब कुठे जायची गरज नाही, ते गावाच्या हद्दीतच आहे, असं त्याला तिथे वाटलं.

गोची अशी, की त्याच्याच मोजणीवर जंगलाचे तुकडे पडायचे, विकले जायचे आणि तोडले जायचे. हे त्याला कळत होतं, खुपतही होतं. तरी धंदा सोडता आला नाही, कारण घर चालवायचं होतं. मला त्याच्या आयुष्यातली ही बाजू तळ्याकाठच्या झोपडीपेक्षा जास्त खरी वाटते. आपल्यापैकी सिव्हिलवाल्यांना उद्या हेच करावं लागणार आहे ना!

१८५९ साली शेतकऱ्यांनी त्याला नदीच्या कामावर नेमलं. खालच्या बाजूला बिलेरिका गावात धरण होतं. त्यामुळे आपली गवताची पाणथळ कुरणं बुडतात अशी त्यांची तक्रार होती. थोरो होडी घेऊन निघाला. पुलांची मापं घेतली, नदीची खोली मोजली, पाण्याची पातळी नोंदवली. पैसे मिळतात तेवढंच काम त्याने केलं नाही, त्याहून कितीतरी जास्त केलं.

डिसेंबर १८६० मध्ये झाडांच्या बुंध्यावरची वलयं मोजताना थंडी बाधली. क्षय आधीपासून होताच. ६ मे १८६२ ला तो गेला, वय फक्त ४४. चालण्यावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर महिन्याभराने छापून आला.

कुठलं फूल कुठल्या तारखेला उमललं, याच्या त्याने १८५२ ते १८५८ अशी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या. एकविसाव्या शतकात बॉस्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्या वह्यांतले आकडे घेऊन कॉन्कर्डची तीच रानं पुन्हा पालथी घातली. फुलं आता सरासरी आठवडाभर आधी उमलतात. आणि बऱ्याच जाती त्यांना सापडल्याच नाहीत.