नगरांचे वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

शहर हें सजीव प्राण्याप्रमाणें आहे असें मानून त्यावर उपचार करणारे सर पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ सालीं स्कॉटलंडांत झाला. पर्थ येथें वडिलांच्या बागेंत त्यांस वनस्पतींची गोडी लागली व पुढें त्यांनीं हक्स्ले यांच्या हाताखालीं जीवशास्त्राचें अध्ययन केलें. १८७९ सालीं मेक्सिकोंत कांहीं काळ त्यांची दृष्टि गेली. हळूहळू सूक्ष्मदर्शक यंत्र मागें पडून मनुष्यवस्ती हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. १८८६ सालीं विवाह झाल्यावर थोड्याच दिवसांत हें दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ भागांत राहावयास गेलें, आणि शेजाऱ्यांस बरोबर घेऊन घरें रंगवूं लागलें, पडीक जागांत बागा करूं लागलें.

१९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले. प्लेगच्या भयानें त्या काळीं जुन्या वस्त्यांतून सरळ, रुंद रस्ते काढीत. घरें पडत, आणि गरीब माणसें दुसऱ्या दाट वस्तींत जाऊन कोंडत. गेडिस प्रथम पायीं हिंडून विहिरी, तळीं, झाडें, देवळें नकाशावर पाहून घेत. मग केवळ पडकीं घरें काढून तेथें लहानसें अंगण करावें, झाड लावावें, असें ते सुचवीत. डांसांच्या भीतीनें तळें बुजवूं नये, त्यांत मासे सोडावे. मैला नदींत न लोटतां त्याचें खत बागांस द्यावें, असा त्यांचा आग्रह असे. यांत खर्चही थोडा. पण कित्येक अधिकाऱ्यांस हें रुचलें नाहीं.

होळकरांच्या इंदुरांतील त्यांची युक्ति तर मौजेची. जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरूनच दिवाळीची मिरवणूक जाईल, असें त्यांनीं जाहीर केलें. मग काय! घरोघर झाडलोट व डागडुजी सुरू झाली आणि हजारों गाड्या कचरा गांवाबाहेर गेला. दंडाच्या नोटिसांनीं हें खचित साधलें नसतें. मिरवणुकींत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, राक्षस होता. आणि स्वच्छ पोशाख घातलेले, फुलांनीं सजलेले झाडूवाले मानानें चालत होते. शेवटीं राक्षस व उंदीर जाळण्यांत आले.

याच कामाच्या धामधुमींत, १९१७ सालीं, त्यांचा वडील मुलगा फ्रान्समधील रणांगणावर पडला. पत्नी कलकत्त्यास मरणोन्मुख होती; तिला त्यांनीं ही वार्ता अखेरपर्यंत कळूं दिली नाहीं. इंदूरचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. १९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. नंतर फ्रान्समध्यें माँपेलिए येथें त्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं निवास बांधला, भोंवतीं बागा केल्या, व तेथेंच १९३२ सालीं देह ठेविला.