जंतूंचा द्वारपाल शोधणारे झाक मोनो

दुधांतील साखर डोळ्यांस न दिसणारा जंतु आपल्या देहांत कशी नेतो, हें कोडें सोडविणाऱ्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाचें चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

झाक मोनो यांचा जन्म १९१० सालीं पॅरिस येथें झाला. वडील चित्रकार होते, आई अमेरिकन होती. बालपणीं पोलिओनें त्यांचा एक पाय अधू झाला. तरीही पुढें ते डोंगरकडे चढत व चेलो हें वाद्य उत्तम वाजवीत.

पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठांत ते जंतूंची वाढ मोजीत असत. आंतड्यांतील जंतूंस द्राक्षशर्करा व दुग्धशर्करा एकत्र दिल्यास ते आधीं द्राक्षशर्करा संपवितात, मग त्यांची वाढ कांहीं वेळ थांबते, आणि नंतर दुग्धशर्करेवर ती पुन्हां सुरू होते. दुसऱ्या कोणीं हा खंड मोजमापांतील चूक म्हणून सोडून दिला असता. मोनो यांनीं तोच आपल्या अभ्यासाचा विषय केला. १९४१ सालीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली.

त्या वेळीं पॅरिस जर्मनांच्या ताब्यांत होतें. मोनो गुप्तपणें देशभक्तांच्या प्रतिकारांत सामील झाले. सॉर्बॉनमध्यें जाणें धोक्याचें झालें, तेव्हां आंद्रे ल्वॉफ यांनीं त्यांस पाश्चर संस्थेंतील आपल्या प्रयोगशाळेंत आश्रय दिला. पकडले जाते तर प्राणांशींच गांठ होती. तरी प्रयोग थांबले नाहींत.

त्या खंडाचा अर्थ हळूहळू उलगडला. दुग्धशर्करा फोडून तिचे दोन भाग करणारें एक प्रथिन जंतूस लागतें. १९५६ सालीं मोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, ती आंत आणण्यासाठीं जंतूच्या पातळ आवरणांत दुसरेंच एक प्रथिन द्वारपालासारखें बसलेलें असतें. त्यास पर्मिएज हें नांव मिळालें. द्राक्षशर्करा हातीं आहे तोंवर जंतु हीं प्रथिनें फारशीं बनवीत नाहीं. ती संपल्यावर तयारीस वेळ लागतो, तोच तो खंड. ही बनावट केव्हां चालू व केव्हां बंद करावयाची याची योजना मोनो व फ्रांस्वा झाकॉब यांनीं १९६१ सालीं मांडली. १९६५ चें नोबेल पारितोषिक त्या दोघांस व ल्वॉफ यांस मिळून देण्यांत आलें. १९७६ सालीं कान येथें मोनो यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगाच्या वहींत एखादा आंकडा अपेक्षेप्रमाणें आला नाहीं, तर तो खोडून शेजाऱ्याचा उतरवून घेण्याचा मोह आपणांस होतो. मोनो यांनीं तसें केलें असतें, तर तो द्वारपाल त्यांस कधींच भेटला नसता.